बेटावर नेलेले सामान

उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर चार दिवस विसाव्यासाठी निघालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो बरोबर काय न्यावे हा. अंदमानला जाणारा असो, लक्षद्वीपला जाणारा असो, की मॉरिशसला, घरात आठवडाभर आधी याद्या सुरू होतात. पातळ सुती कपडे, छत्री, टोपी, पोटदुखीचे औषध, डासांवर काहीतरी उपाय. त्यात कोणीतरी चिवड्याचा डबा सरकवतो, आणि निघण्याच्या दिवशी ट्रंकेचे झाकण लागत नाही म्हणून तिच्यावर एका मुलाला बसवावे लागते. परत आल्यावर निम्मे सामान घडीसुद्धा न मोडता कपाटात जाते. त्यात फारसे कोणाचे बिघडत नाही.

परंतु हाच प्रश्न एके काळी जिवावरचा होता. बरोबर काय नेले आणि काय नेले नाही यावर एखाद्या जमातीचे जगणे अवलंबून असे, आणि जे न कळत बरोबर गेले त्याने बेटेच्या बेटे पालटून जात. पॅसिफिक महासागराच्या इतिहासात अशा सामानाच्या तीन याद्या विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक कोणी लिहून ठेवली नाही. ती झाडांच्या आणि हाडांच्या पुराव्यावरून जुळवावी लागते. दुसरी ब्रिटिश नौदलाच्या कारकुनांनी पौंडापिंपांचा हिशेब ठेवून लिहिली. तिसरी लंडनच्या बड्या लोकांनी एका बेटकऱ्यासाठी हौसेने तयार केली.

पहिली यादी पॉलिनेशियन लोकांची. यांचे पूर्वज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी न्यू गिनीकडून पूर्वेस सरकत टोंगा आणि सामोआ या बेटांपर्यंत पोहोचले, आणि तेथे कित्येक शतके थांबले. पुढचा समुद्र फार मोठा आणि वारा बहुधा तोंडावरचा. मग इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारास त्यांनी पुन्हा शिडे उभारली, आणि पाहता पाहता ताहितीच्या आसपासची बेटे, उत्तरेस हवाई, पूर्वेस ईस्टर बेट आणि शेवटी दक्षिणेस न्यूझीलंड ही सारी वसवली. देवगिरीच्या यादवांचे राज्य ऐन भरात होते, त्याच सुमारास पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या महासागरातील ही शेवटची मोठी वसाहत पूर्ण होत होती. लोखंड त्यांच्यापाशी नव्हते. कोकणच्या किनाऱ्यावरील उलांडीची होडी ज्याने पाहिली आहे, त्याला त्यांच्या लहान नावेची कल्पना सहज येईल. लांबच्या सफरीसाठी मात्र ते दोन नावा शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्यांचे व्यासपीठ घालीत. फळ्या एकमेकींना खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, नारळाच्या काथ्याने शिवलेल्या असत. अरबी समुद्रातील जुनी गलबतेही अशीच काथ्याने शिवलेली असत, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही. शीड केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटईचे.

या नावेवर बरोबर काय घेतले जाई? वाटेत खाण्यापुरते अन्न तर हवेच. आंबवून टिकवलेला नीरफणसाचा गर, वाळवलेले मासे, आणि नारळ, ज्यात अन्नही आहे आणि पाणीही. परंतु हा झाला वाटखर्च. खरे सामान वेगळेच होते. ज्या बेटावर जावयाचे ते सापडेल की नाही हे ठाऊक नाही. सापडले तर त्यावर खाण्याजोगे फारसे काही नसणार हे मात्र अनुभवाने ठाऊक. महासागराच्या मध्यभागी असलेल्या बेटांवर पक्षी विपुल, मासे विपुल, पण माणसाला वर्षभर पोसतील असे कंद आणि फळे जवळजवळ नाहीतच. तेव्हा ही मंडळी आपल्याबरोबर बागाईतच नेत. हवाई बेटांवर त्यांनी नेलेल्या वनस्पतींची यादी सुमारे दोन डझनांची भरते, आणि ती वाचताना कोकणातल्या एखाद्या वाडीत उभे असल्याचा भास होतो. अळू आहे, केळ आहे, ऊस आहे, नारळ आहे, कोनफळ आहे, हळद आहे. आपल्याकडे ज्याच्या तेलावर एके काळी दिवे जळत ती उंडी आहे. जिच्या मुळांपासून रंग काढीत ती बारतोंडी आहे. कोकणी माणूस ज्याला विलायती फणस म्हणतो तो नीरफणस तर त्यांचे मुख्य अन्न. अळूची पाने नारळाच्या रसात शिजवून खाण्याचा प्रकारही तेथे आहे. त्याला फदफदे म्हणत नाहीत एवढेच. यांतील बहुतेक झाडांचे मूळ घर न्यू गिनी आणि आग्नेय आशिया या भागांत आहे. तेथून ती काही पश्चिमेकडे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला आली आणि काही पूर्वेकडे नावांत बसून गेली. नारळाची गोष्ट किंचित निराळी. हिंदी महासागरातील नारळ आणि पॅसिफिकमधील नारळ ही दोन घराणी वेगवेगळी माणसाळली गेली असे अलीकडच्या आनुवंशिक संशोधनाने दाखविले आहे.

एक रताळे मात्र उलट्या दिशेने आले. ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे. पोर्तुगीजांनी ते हिंदुस्थानात आणले आणि पुढे आपल्या एकादशीच्या पानावर त्याने अशी काही जागा मिळवली की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. पॉलिनेशियात ते कोलंबसाच्याही आधी पोहोचले होते.

हे सारे जिवंत न्यावयाचे, ही त्यातील खरी अडचण. नीरफणसाच्या उत्तम जातीला बीच नसते. मुळाशी फुटलेले कोंब काढून न्यावे लागतात. खाऱ्या पाण्याचा फवारा लागला की कोंब मेला. १९७६ साली हवाईच्या लोकांनी जुन्या घाटणीची 'होकुलेआ' नावाची जोडनाव बांधून, होकायंत्राशिवाय, केवळ तारे आणि लाटा यांच्या आधारे ती ताहितीपर्यंत नेली, तेव्हा बरोबर रोपे आणि कंदही घेतले होते. ओल्या शेवाळात मुळे गुंडाळावयाची, वर चटई आणि सालीचे कापड. एक कुत्रा, एक डुक्कर आणि कोंबड्यांची जोडी हीही त्या सफरीत होती. महिन्याहून थोड्या अधिक दिवसांत नाव पोहोचली. वाट दाखविणारा माउ पियाइलुग हा कॅरोलाइन द्वीपसमूहातील सातावाल या लहानशा बेटाचा. ही विद्या जिवंत ठेवणाऱ्या मोजक्या माणसांपैकी तो एक होता.

सालीच्या कापडाचा उल्लेख वर आला. सूत नाही, लोकर नाही, तेव्हा कापडासाठी झाड न्यावयाचे. त्या झाडाची साल भिजवून, कुटून, पसरून वस्त्र करावयाचे. आपल्या संस्कृत काव्यांतील वल्कले शाळेतल्या मुलांना कल्पनेतच पाहावी लागतात. या बेटांवर ती रोज नेसली जात.

सगळे सामान सगळीकडे पोहोचले नाही. ईस्टर बेटावर कोंबडी पोहोचली. डुक्कर आणि कुत्रा नाही. न्यूझीलंडची हवा थंड. तेथे नारळ, नीरफणस आणि केळ यांनी मान टाकली. रताळे मोठ्या कष्टाने जगवले गेले. हिवाळ्यात ते खड्ड्यांत साठवून ठेवण्याची नवी पद्धत तेथील लोकांना शोधावी लागली. आणि एक प्रवासी जवळजवळ प्रत्येक बेटावर उतरला, तो म्हणजे उंदीर. त्याला कोणी मुद्दाम नेले, की तो नावेच्या सांदीत लपून गेला, याविषयी विद्वानांत एकमत नाही. त्याने काय केले याविषयी मतभेद कमी आहेत. ताडाच्या जातीच्या झाडांची बीजे त्याने कुरतडली, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. माणूस आणि उंदीर यांच्या आगमनानंतर या बेटांवरील पक्ष्यांच्या कितीतरी जाती कायमच्या नाहीशा झाल्या. पॉलिनेशियन माणूस निसर्गाच्या मांडीवर निष्पापपणे खेळणारे बालक होता, असे चित्र युरोपीय लेखकांनी रंगविले. ते त्याच्या कर्तृत्वाला आणि त्याच्या चुकांना, दोहोंनाही अन्याय करणारे आहे. तो शेतकरी होता. शेतकरी जेथे जातो तेथे रान कापतो.

आता दुसरी यादी. २६ ऑगस्ट १७६८ रोजी इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून 'एंडेव्हर' नावाचे जहाज निघाले. हे जहाज मूळचे कोळसा वाहणारे. पोट मोठे, तळ सपाट, दिसायला बेढब. कप्तान जेम्स कुक. जहाजावर चौऱ्याण्णव माणसे. काम सांगितले गेले ते असे की, ताहिती बेटावर जाऊन ३ जून १७६९ रोजी सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना पाहावयाचा आणि त्याच्या वेळा टिपावयाच्या, म्हणजे पृथ्वीपासून सूर्याचे अंतर गणिताने काढता येईल.

या जहाजाच्या सामानाचा हिशेब उपलब्ध आहे. डुकराच्या मांसाचे सहा हजार तुकडे, गोमांसाचे चार हजार, नऊ टन बिस्किटासारखी कडक भाकरी, पाच टन पीठ, एक टन मनुका. शिवाय बिअरची अडीचशे पिंपे, ब्रँडी आणि रम वेगळी. आणि या साऱ्यांत तीन टनांहून अधिक आंबवलेली कोबी. ही कोबी हा त्या काळचा एक प्रयोग होता. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजून दात हलू लागत, जुन्या जखमा उकलत आणि माणसे पटापट मरत. क जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता, पण आंबट पदार्थांनी आणि ताज्या पाल्याने गुण येतो एवढे काहींना दिसून आले होते. खलाशी मात्र नव्या अन्नाच्या बाबतीत मोठा सनातनी. त्याने कोबीला तोंड लावण्याचे नाकारले. कुकने सक्ती केली नाही. त्याने ती रोज अधिकाऱ्यांच्या मेजावर वाढण्याची व्यवस्था केली आणि खलाशांना हवी तर घ्या, नको तर राहू द्या, असे सांगितले. साहेब लोक आवडीने खातात हे पाहताच आठवड्याच्या आत कोबीला इतकी मागणी आली की तिचे माप ठरवून द्यावे लागले. सैन्य पोटावर चालते हे सर्वांस ठाऊक आहे. पोट पुष्कळदा दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून चालते, हे कुकला ठाऊक होते. एंडेव्हर ताहितीला पोहोचेपर्यंत त्या रोगाने एकही माणूस दगावला नव्हता. त्याचे श्रेय कोबीबरोबरच, किंबहुना अधिक, प्रत्येक बंदरावर मिळवलेल्या ताज्या भाजीपाल्याला द्यावे लागेल.

जोसेफ बँक्स हा पंचविशीतला धनाढ्य निसर्गशास्त्रज्ञ आपल्या परिवारासह याच जहाजावर होता. त्याच्याबरोबर ग्रंथ, जाळी, नमुने ठेवण्याच्या बाटल्या, दोन चित्रकार आणि दोन शिकारी कुत्रे. एक बकरीही होती, जी आधीच्या सफरीत एकदा पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेली होती आणि या वेळी दुसरी करीत होती. तिच्या दुधाची सोय अधिकाऱ्यांसाठी.

परंतु या जहाजावरील सर्वांत मोलाची वस्तू वेगळीच ठरली. ती म्हणजे खिळे. ताहितीला लोखंड नव्हते. तेथील सुतार दगडाच्या वाकसाने नावा तासत. लोखंडाचा खिळा घासून त्याची पटाशी करता येते हे त्यांनी तत्काळ ओळखले. १७६७ मध्ये वॉलिस याचे 'डॉल्फिन' जहाज तेथे आले होते, तेव्हा बेटावरच्या स्त्रियांच्या सहवासासाठी खलाशांनी जहाजाचेच खिळे उपटून दिले. झोळ्या टांगण्याचे खिळेही गेले आणि माणसे उघड्या फळ्यांवर झोपू लागली. आणखी थोडे दिवस तेथे राहिले असते तर जहाज मोकळे होऊन पाण्यावर पसरले असते, असे गमतीने म्हणता येईल. पण अधिकाऱ्यांना ती गंमत वाटत नव्हती. म्हणून कुकने उतरण्यापूर्वीच नियम घालून दिले. लोखंड किंवा कापड यांच्या बदल्यात अन्नाखेरीज काहीही घ्यावयाचे नाही.

नियमांचे काय झाले ते सांगणे नलगे. ग्रहाचे अधिक्रमण झाले त्या दिवशी अधिकारी दुर्बिणींना डोळे लावून बसले होते, आणि इकडे खलाशांनी कोठार फोडून सुमारे पन्नास किलो मोठे खिळे लांबविले. एकजण सापडला. त्याच्यापाशी सात खिळे निघाले. त्याला दोन डझन फटके बसले, पण साथीदारांची नावे त्याने सांगितली नाहीत. त्याआधी महिनाभर उलट दिशेची चोरी झाली होती. बेटकऱ्यांनी पहाऱ्यातल्या तंबूतून वेध घेण्याचे मोठे पितळी यंत्रच पेटीसह उचलून नेले. बँक्स आणि ज्योतिषी ग्रीन भर उन्हात कित्येक मैल पाठलाग करून ते सुट्या भागांत परत घेऊन आले. घड्याळाचे काम जाणणाऱ्या एका चित्रकाराने ते दुरुस्त केले. ते मिळाले नसते तर पृथ्वीला अर्धा वळसा घालून आलेल्या या खटाटोपाला मोठा धक्का बसला असता.

आणि यादीत न लिहिलेले सामान? ते माणसांच्या रक्तातून आले. ताहितीत गुप्तरोग कोणी आणला यावरून इंग्रज आणि फ्रेंच यांनी पुढे बराच काळ एकमेकांकडे बोट दाखविले. ज्यांना तो झाला त्यांना या वादाचा काही उपयोग नव्हता. पुढे आलेल्या जहाजांबरोबर इतरही साथी आल्या. १७९७ मध्ये मिशनरी तेथे उतरले तेव्हा त्यांनी केलेल्या गणनेत लोकसंख्या सुमारे सोळा हजार भरली. त्यापूर्वी ती याच्या कितीतरी पट असली पाहिजे असे बहुतेक अभ्यासक मानतात.

जुलै १७६९ मध्ये एंडेव्हर ताहितीहून निघाले तेव्हा त्यावर एक नवा प्रवासी होता. तुपाया हे त्याचे नाव. तो रायातेया बेटाचा, पुरोहितांपैकी, आणि समुद्राची विद्या जाणणारा. निघण्यापूर्वी मित्रांचा निरोप घेण्यास तो किनाऱ्यावर गेला तेव्हा त्यांना दाखविण्यासाठी बँक्सचे एक छोटेसे चित्र आणि भेटीदाखल देण्यासाठी काही किरकोळ वस्तू त्याने नेल्या. स्वतःबरोबर जहाजावर त्याने तायाता नावाचा एक लहान सेवक आणला. खरे सामान डोक्यात होते. त्याच्या सांगण्यावरून तयार झालेल्या नकाशात चौऱ्याहत्तर बेटे आहेत. जहाज कोठेही असो, ताहिती कोणत्या दिशेला आहे हे तो बोटाने दाखवी. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर कुकची माणसे आणि तेथील योद्धे नदीच्या दोन काठांवर उभे ठाकले तेव्हा तुपायाने आपल्या भाषेत हाक दिली, आणि पलीकडून उत्तर आले. कित्येक शतके वेगळ्या पडलेल्या दोन शाखा एकमेकींचे बोलणे समजू शकत होत्या. रक्तपात त्याने टळला नाही, परंतु पुढे न्यूझीलंडमध्ये लोकांच्या तोंडी नाव राहिले ते कुकपेक्षा तुपायाचे.

तो इंग्लंडला पोहोचला नाही. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, दलदलीच्या बंदरात जहाज दुरुस्तीसाठी थांबले असता ताप आणि अतिसार यांनी माणसे पाडावयास सुरुवात केली. कोबीच्या पिंपांनी जे राखले होते ते तेथे आणि पुढच्या वाटेवर गेले. सुमारे तीस माणसे मेली. डिसेंबर १७७० मध्ये आधी तायाता गेला आणि मागोमाग तुपाया.

तिसऱ्या यादीचा धनी मात्र इंग्लंडला पोहोचलाही आणि परतलाही. त्याचे नाव माई. तेथील भाषेत नावाआधी 'ओ' लागतो, म्हणून इंग्रजांनी त्याला ओमाई केले. मराठी कानाला माई म्हटले की घरातली वडीलधारी बाई आठवते; तेव्हा येथे ओमाई हेच नाव ठेवलेले बरे. तोही रायातेयाचाच. बोराबोराच्या योद्ध्यांनी ते बेट जिंकले, त्याच्या घरची जमीन गेली, आणि तो परागंदा होऊन ताहितीस आला. तेथे १७६७ मध्ये वॉलिसच्या जहाजाने गोळीबार केला, त्यात तो जखमी झाला. तोफाबंदुका काय करू शकतात हे त्याला स्वतःच्या अंगावर कळले. १७७३ मध्ये कुकच्या दुसऱ्या सफरीतील 'ॲडव्हेंचर' जहाजावर तो चढला, तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट होती. ही शस्त्रे मिळवावयाची आणि बापाची जमीन सोडवावयाची.

लंडनने त्याला डोक्यावर घेतले. राजा तिसरा जॉर्ज याची भेट झाली, देवी टोचून झाल्या, मेजवान्या झाल्या. जोशुआ रेनॉल्ड्स याने त्याचे पांढऱ्या पायघोळ वस्त्रांतील पूर्णाकृती चित्र काढले. तेच चित्र २०२३ साली पाच कोटी पौंडांना विकत घेतले गेले. ओमाईला जाताना जे मिळाले त्याची किंमत अर्थातच त्याहून पुष्कळ कमी होती, पण यादी मोठी होती. चिलखताचा संपूर्ण पोशाख. हाताने फिरवावयाचा बाजा. विजेचे झटके देणारे यंत्र. पृथ्वीचा गोल, नकाशे, होकायंत्रे. कथिलाचे शिपाई. पेटीतून उसळी मारून बाहेर येणारे खेळण्यातले भूत. शोभेचे दारूकाम. पोर्ट मद्य. भांडी, बशा, पेले, किटल्या. थोड्या बंदुका, पिस्तुले आणि तलवारीही. ओमाई अजून समुद्रावरच होता तेव्हा, १७७७ मध्ये, कुकच्या दुसऱ्या सफरीवरील तरुण निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज फॉर्स्टर याने आपल्या ग्रंथात परखडपणे लिहिले की या माणसाला खेळणी दिली, उपयोगाचे काही दिले नाही. हे लंडनसारख्या मोठ्या शहराने एका पाहुण्याबरोबर दिलेले सामान! देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्याला ज्याचे नवल वाटते त्याचेच घेणाऱ्यालाही वाटेल, एवढाच त्यांचा समज होता.

वाटेत केप ऑफ गुड होपला कुकने घोडे विकत घेतले. जहाजावर जागा नव्हती. ओमाईने आपली खोली आनंदाने घोड्यांना सोडून दिली.

ऑगस्ट १७७७ मध्ये ताहितीला पोहोचल्यावर चमत्कारिक प्रकार घडला. नात्यागोत्यातली माणसे भेटावयास आली ती थंडपणे. लंडनच्या वस्त्रांनी आणि गोष्टींनी त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. मग ओमाईने एक खण उघडून लाल पिसे दाखविली. ही पिसे वाटेत टोंगा बेटांवर मिळवलेली होती. ताहितीत लाल पिसे म्हणजे देवाचे आणि राजाचे लेणे. क्षणात सारे पालटले. आलिंगने झाली, मैत्रीच्या शपथा झाल्या, भेटी आल्या. इंग्लंडहून आणलेल्या पेट्यांनी जे साधले नाही ते शेजारच्या बेटावरच्या मूठभर पिसांनी साधले. घोड्यावर बसण्याचा त्याने प्रयत्न केला आणि तो पडला. कुक आणि त्याचा सहकारी क्लर्क मात्र रोज घोड्यावरून फिरू लागले, आणि ते पाहावयास माणसांची रीघ लागली.

रायातेयावर त्याला बळाने बसविण्यास कुक तयार नव्हता. शेवटी हुआहिने बेटावर त्याला समुद्राकाठी जागा मिळवून दिली. जहाजाच्या सुतारांनी लाकडी घर बांधले. ते बांधताना कुकने एक दक्षता घेतली: खिळे होता होईतो कमी वापरावयाचे, म्हणजे लोखंडाच्या लोभाने कोणी घर उचकटणार नाही. डॉल्फिनचा धडा दहा वर्षांनी असा कामी आला. अंगणात पपनस, द्राक्षवेल, अननस आणि खरबुजे लावली गेली. घोडा आणि घोडी, एक गाभण बकरी आणि विलायती डुकरे ठेवली.

मग ओमाईने सामान उघडून एकेक वस्तू पाहिली, आणि त्याच्यातला बेटकरी जागा झाला. कुकने हे स्वतः नोंदवून ठेवले आहे, आणि त्याच्या नोंदीत थट्टेपेक्षा पटल्याचा सूर अधिक आहे. किटल्या कशाला? भूमीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर भाजलेले डुक्कर उकडलेल्यापेक्षा चांगले लागते. बशा कशाला? केळीचे पान आहे. पेले कशाला? नारळाची करवंटी आहे. तेव्हा त्याने ही सारी भांडीकुंडी जहाजावरच्या लोकांना देऊन टाकली आणि त्यांच्या बदल्यात कुऱ्हाडी घेतल्या. केळीच्या पानावर जेवणाऱ्या मराठी माणसाला यात वेडेपणा काही दिसणार नाही. दोन वर्षे लंडनच्या मेजांवर जेवून आलेल्या माणसाने इतक्या स्वच्छपणे ठरवावे, हे मात्र विशेष.

बंदुका त्याने ठेवल्या.

२ नोव्हेंबर १७७७ रोजी जहाजे निघाली. ओमाईने अधिकाऱ्यांचा निरोप धैर्याने घेतला. कुकपाशी आला तेव्हा त्याला अश्रू आवरले नाहीत. त्याच्याबरोबर न्यूझीलंडहून आलेले ते वेहेरुआ आणि कोआ हे दोन मुलगे तेथेच राहिले. त्यांना परत न्यूझीलंडला नेण्याची काही सोय नव्हती. लहान कोआ जहाजावर जाण्यासाठी पाण्यात उडी घेऊ पाहत होता, त्याला धरून ठेवावे लागले.

यानंतरची हकीकत अकरा वर्षांनी कळली, आणि तीही भलत्याच कामासाठी आलेल्या जहाजाकडून. ऑक्टोबर १७८८ मध्ये विल्यम ब्लाय हा 'बाउंटी' घेऊन ताहितीस आला. हाही एकदा कुकबरोबर येऊन गेलेला. आता त्याला नीरफणसाची रोपे वेस्ट इंडीजला न्यावयाची होती. उसाच्या मळ्यांवरील गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावे म्हणून मळेवाल्यांना ती हवी होती. पॉलिनेशियन माणसाने ओल्या शेवाळात गुंडाळून ज्या कोंबांना स्वतःसाठी नेले, तेच कोंब आता दुसऱ्यांच्या श्रमाच्या हिशेबात कुंड्यांमध्ये बसले. एक हजार पंधरा रोपे जहाजावर चढली.

ब्लायला असे सांगण्यात आले की कुक गेल्यानंतर सुमारे तीस महिन्यांनी ओमाई वारला. आजाराने वारला, कोणी मारला नाही. ते दोन मुलगेही गेले. एप्रिल १७८९ मध्ये बाउंटी हुआहिनेजवळून जाताना ओमाईच्या घरी राहिलेला एक माणूस भेटावयास आला. त्याच्याकडून आणखी थोडे कळले. रायातेया आणि बोराबोरा यांच्याशी लढाई झाली, तीत ओमाईच्या बंदुकांनी हुआहिनेच्या बाजूस जय दिला. जमीन मात्र त्याला परत मिळाली नाही. घर, इतक्या काळजीने कमी खिळे वापरूनही, लोकांनी मोडून नेले. जनावरांपैकी एक घोडी तेवढी जिवंत होती. जहाजावर आलेल्या कित्येकांच्या पायांवर ब्लायला एक गोंदण दिसले: घोड्यावर बसलेला माणूस. म्हणजे ओमाई अखेर घोड्यावर बसावयास शिकला होता. तीन आठवड्यांनी बाउंटीवर बंड झाले आणि ती एक हजार रोपे समुद्रात फेकली गेली.

१८२० च्या सुमारास विल्यम एलिस हा मिशनरी हुआहिनेवर राहत होता. ओमाईच्या चिलखताचे काही भाग आणि शिरस्त्राण तेव्हाही तेथे जपून ठेवलेले होते. अंगणातले एक पपनसाचे झाड उभे होते, कुकने लावलेले म्हणून लोक दाखवीत ते. त्यांच्या भाषेत पपनसाला नाव नव्हते, तेव्हा त्यांनी आपल्या नीरफणसावरून ते बनविले होते. त्या झाडाला ते परक्यांचा नीरफणस म्हणत.